चेंडू पकडायचा नसतो

जोगेश्वरी (पूर्व)
१४ एप्रिल २०२५

चि. रेवतीस,
रत्नप्रभा आत्याचे आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस. कोणाचं काही झालेलं नाही. व्हायचं ते मागच्या वर्षी माझंच झालं. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढलं. तुझ्या आईने सांगितलं असेल. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पी.टी. शिकवली, शिट्टी न वाजवता मैदान थांबवायची मी. आता पाटीवर लिहून भाजीवाल्याला कोथिंबीर मागते. फोनचा उपयोग नाही. मोबाइलवर टाइप करायला मला इतका वेळ लागतो की समोरचा माणूस ताटकळून निघून जातो. पत्राला तशी घाई नसते.

काम असं आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर ऋतिका नावाची मुलगी राहते. वय दहा. पाठ इतकी लवचिक, की जिन्यात उलटी कमान टाकून आईची बोलणी खाते. नोव्हेंबरात अंधेरीला एक निवड चाचणी आहे. शाळेच्या कागदावर लिहिलंय, ‘रिदमिक जिम्नॅस्टिक्स, अकरा वर्षांखालील मुली’. तिची आई कागद घेऊन माझ्याकडे आली, कारण मी पी.टी.ची बाई. मला वाटलं, हे तर आपलंच. हूप, डंबेल्स, लेझीम घेऊन पेटीच्या तालावर सव्वीस जानेवारीला जी कवायत बसवायचो, तिला आम्ही सगळे रिदमिकच म्हणायचो. मग पोरीने मोबाइलवर दाखवलं. ते निराळंच होतं.

तू हे अकरा वर्षं केलंस. म्हणून तुला विचारते, रिदमिक जिम्नॅस्टिक्स म्हणजे नेमकं काय? तुझ्याइतकं नेमकं मला कोणी सांगणार नाही.

आणि एखाद्या रविवारी येऊन तिला बघून जा. मेट्रोच्या जोगेश्वरी स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच आमची सात मजली बिल्डिंग. सतरा वर्षांत तू आली नाहीस. तुझ्या बाबांच्या, आमच्या श्यामच्या दिवसांना मी मुलुंडला आले होते, तेव्हा तू मला चहा दिलास. बोललो नाही आपण.

तुझी,
रत्नप्रभा आत्या


मुलुंड (पूर्व)
२१ एप्रिल २०२५

आत्या,

पत्र मिळालं. ऑपरेशनचं आईकडून कळलं होतं. मी विचारपूस केली नाही, हे खरं आहे.

प्रश्नाचं उत्तर. जिम्नॅस्टिक्स म्हटल्यावर लोकांना बार, बीम, उड्या आठवतात. त्या प्रकाराचं नाव आर्टिस्टिक. रिदमिक हा वेगळा खेळ आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तो फक्त मुली खेळतात. तेरा मीटर बाय तेरा मीटरची जाजमासारखी मॅट असते. संगीत असतं. एकटीसाठी वेळ सव्वा ते दीड मिनिट. हातात एका वेळी एकच साधन: हूप, चेंडू, क्लब्ज म्हणजे छोट्या मुद्गलांची जोडी, किंवा रिबीन. लहान मुलींना दोरीही असते. साधन सतत चालतं राहिलं पाहिजे. ते थांबलं, नुसतं हातात धरून ठेवलं, की गुण जातात. शरीर आणि साधन, दोन्हींचं मिळून एकच काम दिसलं पाहिजे. माझ्या मते अर्थ तेवढाच आहे.

आपल्याकडे हा शब्द सैल वापरतात. संगीतावर केलेल्या कवायतीलाही रिदमिक म्हणतात आणि योगासनांच्या स्पर्धेत तालावर आसनं करतात त्यालाही. तुझी चूक त्यामुळे समजण्यासारखी आहे.

एक व्याख्या तूही केली होतीस. २००८, अंधेरीचा हॉल, माझी पहिली स्पर्धा. मी नऊ वर्षांची होते आणि मॅटवर उभी होते. संगीत सुरू व्हायच्या आधी तू पहिल्या रांगेतून म्हणालीस, “ही कसली जिम्नॅस्टिक्स? रिबीन घेऊन नाच नुसता.” तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. त्यानंतर बाबा तुझ्याशी बोलले नाहीत. ती व्याख्या चुकीची होती. बरोबर काय ते वर दिलं आहे.

मुलगी दहा वर्षांची असेल तर उशीर झाला आहे. तरी करायचंच असेल तर चेंडूने सुरुवात करा. रबरी, व्यास सोळा-सतरा सेंटिमीटर. तिची उंची आणि दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजून कळव.

येणं जमणार नाही. मी लिफ्टची तपासणी करते. ती इमारत रिकामी असताना करावी लागते, त्यामुळे बऱ्याचदा रविवारी काम असतं.

रेवती


जोगेश्वरी
५ मे २०२५

चि. रेवती,

तुझं पत्र ऋतिकाने मोठ्याने वाचलं. मी वाचून दाखवू शकत नाही, म्हणून तो मान तिचा. तिने तुझ्यासाठी एक आवाजही ठरवलाय, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या बाईसारखा. ‘साधन सतत चालतं राहिलं पाहिजे’ हे वाक्य ती आता दिवसभर म्हणते. काल आईने दूध आणायला पाठवलं तर पिशवी गरगर फिरवत आणली. दूध निम्मं जिन्यात.

अंधेरीचा परिच्छेद तिला वाचू दिला नाही. मी वाचला. त्यावर आत्ता काही लिहीत नाही. लिहायला लागले तर नीट लिहीन, तोवर थांब.

मापं: उंची १३१, हातांचं अंतर १२९ सेंटिमीटर. शिंप्याच्या टेपने, भिंतीला पाठ लावून घेतली. चेंडू मालाडला मिळाला, जांभळा. दुकानदाराने विचारलं, नातीसाठी का? मी पाटीवर लिहिलं, विद्यार्थिनीसाठी. तो हसला नाही, बरं वाटलं.

आता पुढे काय करायचं ते सांग. इथे गच्ची आहे, सकाळी सातला कोणी नसतं.

रविवारी काम असतं ते कळलं. शनिवारी असतं का?

आत्या


मुलुंड
१२ मे २०२५

आत्या,

शनिवारीही असतं.

पहिल्या महिन्याचं काम देते. संगीत नको.

चेंडू तळहातावर ठेवायचा. बोटं जुळलेली, किंचित वळलेली. चेंडू पकडायचा नसतो. बोटांनी आवळला की पंच लगेच गुण कापतो, आणि तो मनगटाच्या वर हाताला टेकला तरी कापतो. नवीन मुलगी चेंडू पडेल या भीतीने आवळते. आवळलेला चेंडू हात हलवताच निसटतो, ठेवलेला निसटत नाही. हे सांगून कळत नाही. हात पुढे, बाजूला, डोक्यावर नेत रोज पन्नास वेळा करू दे.

मग लहान फेक, डोक्याच्या वर एक मीटर. बघायचं चेंडू सगळ्यात उंच असतो त्या जागेकडे, हातांकडे नाही. हात आपोआप येतात. झेलताना चेंडूचा आवाज येता कामा नये. थाप ऐकू आली तर झेल चुकला असं धर.

तू मोजू शकणार नाहीस हे लक्षात घेतलं आहे. तिलाच मोठ्याने आठपर्यंत मोजू दे. जी मोजते तिचा श्वास बरोबर जागी पडतो.

काय जमलं आणि काय नाही ते लिहून कळव. ‘छान करते’ असं लिहू नकोस, त्यावरून काही समजत नाही.

रेवती


जोगेश्वरी
१६ जून २०२५

चि. रेवती,

तुला हवं तसं लिहिते. तळहातावर चेंडू: उजव्या हाताने पन्नासातले एकेचाळीस वेळा राहतो, डाव्याने तेवीस. फेक: दहातले सात झेल, त्यातले तीन थाप न वाजता. मोजताना पाचनंतर सहा विसरते आणि सरळ सातवर जाते. मी पाय आपटला की परत मागे येते.

आता जे तुला नको तेही लिहिते. छान करते.

काल तिने विचारलं, बाई, ही तुमची भाची खरी आहे का? मी मान हलवली. तर म्हणते, मग येत का नाही? मला वाटतं ही पत्रं तुम्हीच लिहिता आणि तुम्हालाच पाठवता. मी पाकिटावरचा मुलुंडचा शिक्का दाखवला. तिने तो उन्हात धरून तपासला, पोलिसासारखा. म्हणाली, शिक्का कोणीपण मारू शकतो.

हसले मी. माझं हसणं आता नुसतं गळ्याच्या भोकातून वारा आल्यासारखं असतं. लोक दचकतात, ती नाही दचकत.

तर बाई, खरी असलीस तर ये. तिच्यासाठी ये, माझ्यासाठी नको.

आत्या


मुलुंड
२४ जून २०२५

आत्या,

मी खरी आहे, असं तिला सांग.

डाव्या हाताचा आकडा कमी आहे. आठवडाभर फक्त डावा हात करू दे. सहा विसरत असेल तर सहाव्या आकड्याला श्वास सोडायला सांग, मग विसरणार नाही.

पुढचं: रोल. चेंडू उजव्या तळहातावरून निघून हातावरून, छातीवरून, डाव्या तळहातापर्यंत घरंगळत न्यायचा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत, मागचा हात किंचित वर, मान मागे. चेंडूला ढकलायचं नाही, उतार करून द्यायचा. सुरुवातीला तो छातीवरून पुढे पडेल. पडू दे.

माझं जुनं सामान मी २०१७ मध्ये क्लबला देऊन टाकलं, नाहीतर हूप पाठवला असता. हे सगळं आठवणीतून लिहिते आहे, तेव्हा काही चुकलं तर कळव.

यायचं पुन्हा विचारू नकोस. तू विचारलंस की मला कारण शोधावं लागतं आणि मी पुढचा परिच्छेद नीट लिहू शकत नाही.

रेवती


जोगेश्वरी
१८ ऑगस्ट २०२५

चि. रेवती,

मध्ये बरेच दिवस गेले. गच्चीवर शेवाळ धरलं होतं, ते घासून काढण्यात वेळ गेला. पत्र नाही म्हणून तू रागावली नसशील. रागावली असतीस तर तसं लिहिलं असतंस.

रोल चालू आहे. चेंडू उजव्या हातावरून येतो, छातीपर्यंत बरा येतो, आणि डाव्या खांद्याशी अडतो. तिथे एक उंचवटा असल्यासारखा. खांदा खाली सोडला तर चेंडू पाठीमागे जातो. मान मागे नेली की डोळ्यांपुढे थोडं अंधारतं. सकाळी उठल्यावर डावा हात डोक्यावर जात नाही, मग अकरा वाजेपर्यंत सुटतो. हे बरोबर आहे का? असंच होतं का सुरुवातीला?

तुझी आधीची तीन पत्रं मी पुन्हा वाचली. ‘सांगून कळत नाही’ असं तू लिहिलं आहेस, ते खरं आहे. चेंडू आवळायचा नाही हे मला कळायला जुलै गेला.

ऋतिका मजेत आहे.

या वेळी ये म्हटलेलं नाही, बघ.

आत्या


मुलुंड
२५ ऑगस्ट २०२५

आत्या,

मान मागे नेल्यावर अंधारत असेल तर मान सरळ ठेवून करा. हे ताबडतोब बदल.

खांद्याचं मला समजलं नाही. दहा वर्षांच्या मुलीचा खांदा असा अडत नाही, सकाळी धरलेलाही नसतो. जुनी दुखापत असेल तर तिच्या आईला डॉक्टरांकडे न्यायला सांग. दुसरी शक्यता अशी की हातांची रेष चुकते आहे. त्यासाठी दोन गोष्टी मोजून पाठव: दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचं अंतर पुन्हा एकदा, आणि चेंडू उजव्या तळहातापासून छातीपर्यंत यायला लागणारा वेळ. मोबाइलमध्ये स्टॉपवॉच असतं. पाच वेळा मोजून पाचही आकडे लिही.

रागावले नव्हते. आठव्या आठवड्यापासून पोस्टाची पेटी रोज बघत होते, इतकंच.

रेवती


जोगेश्वरी
६ सप्टेंबर २०२५

चि. रेवती,

अंतर १५८ सेंटिमीटर. वेळ: १.९, २.२, १.८, २.०, २.४ सेकंद. स्टॉपवॉच सुरू करून चेंडू सोडायचा म्हणजे कसरतच झाली. शेवटी मोबाइल पाण्याच्या टाकीवर उभा करून सगळंच रेकॉर्ड केलं आणि मग बघून आकडे काढले. तू म्हणतेस तसं नीट मोजलंय, दोन दोनदा.

मान सरळ ठेवल्यावर अंधारत नाही. तुझं बरोबर होतं.

पुढचं लवकर लिही. नोव्हेंबर जवळ आलाय.

आत्या


मुलुंड
१३ सप्टेंबर २०२५

आत्या,

५ मेच्या पत्रात तू हातांचं अंतर १२९ लिहिलं होतंस. आता १५८ लिहिलं आहेस. चार महिन्यांत एकोणतीस सेंटिमीटर. मुलगी एवढी वाढत नाही. कोणीच वाढत नाही.

मी आधी मोजण्यातली चूक धरून चालले. टेप मधे सुटली असेल, इंच आणि सेंटिमीटर मिसळले असतील. आकडे उलटे करून पाहिले, कशातच बसत नाहीत. मग वेळेचे आकडे घेतले. ते १५८ च्या अंतराशी जुळतात. म्हणजे मोजमाप बरोबर आहे आणि मोजलेलं माणूस वेगळं आहे.

नंतर १८ ऑगस्टचं पत्र पुन्हा काढलं. जूनपर्यंत तू प्रत्येक पत्रात तिचं काहीतरी बोलणं लिहायचीस. ऑगस्टच्या पत्रात ती एका वाक्यात आहे, सप्टेंबरच्या पत्रात नाहीच. कोणाचा खांदा धरतो, कोणाच्या डोळ्यांपुढे अंधारतं, हे तू कर्त्याशिवाय लिहिलं आहेस.

माझ्या कामात लिफ्ट थांबली की मी कोणावर रागावत नाही, कारण शोधते. इथेही तेच करते आहे. पण खोट्या आकड्यावर मी काम करत नाही. खरं काय ते कळव. तोपर्यंत पुढचा व्यायाम पाठवणार नाही.

गच्चीवर कोण आहे?

रेवती


जोगेश्वरी
२७ सप्टेंबर २०२५

रेवती,

मी आहे.

ऋतिका ३० जूनला गेली. त्यांच्या भाड्याच्या घराचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं, मालकाने पुढे केलं नाही. नालासोपाऱ्याला गेले. टेम्पो भरत होता तेव्हा तुझं २४ जूनचं पत्र आलं. तिने ते जिन्यात बसून मला वाचून दाखवलं. ‘मी खरी आहे, असं तिला सांग’ हे दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा तुझा तो आवाज न काढता. मग म्हणाली, बाई, चेंडू तुमच्याकडेच ठेवा, नवीन घराला गच्ची नाहीये. नव्या शाळेत खो-खोत गेलीय. चाचणीला बसणार नाही. पोरगी खूश आहे. ते मी खोटं लिहिलं नव्हतं.

तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. पाटी घेतली, मग कागद घेतला, आणि लक्षात आलं की हे कळवलं की आपला पत्रव्यवहार संपला. तू मुलीसाठी लिहीत होतीस. मुलगी नाही तर पत्र नाही. तू तसं केलं असतंस की नाही?

आठवडाभर चेंडू खिडकीत पडून होता. मग एका सकाळी तुझं मेचं पत्र घेऊन वर गेले. म्हटलं, बघू तरी पोरीला काय सांगत होतो आपण. चौसष्ट वर्षांची बाई, गळ्याला भोक, चौथ्या आणि सहाव्या मजल्यावर थांबत थांबत वर. मोठ्याने मोजायला सांगितलंयस, ते मला येत नाही. मी अंगठ्याने मोजते, चपलेतल्या चपलेत. सहाला श्वास सोडते.

चौतीस वर्षं मी मुलांना ‘पुन्हा’ म्हणत आले. मला ‘पुन्हा’ म्हणणारं कोणी नव्हतं. ऑपरेशननंतर तर लोक मला काही सांगतच नाहीत. मी बोलत नाही म्हणजे ऐकतही नसेन असं धरून चालतात, माझ्यासमोर माझ्याबद्दल डॉक्टरांना विचारतात. तू एकटीच लिहितेस की डावा हात कमी पडतो.

हातांचं अंतर विचारलंस तेव्हा माझं माप लिहायला नको होतं. मे महिन्याचा आकडा तुझ्याकडे असेल हे डोक्यातच आलं नाही. तू विचारलंस आणि मी मोजलं. शिपायासारखं.

आता अंधेरी.

मला तेव्हा तुझ्यासाठी भीती वाटली होती. एवढा मोठा हॉल, सगळे गप्प, आणि मध्ये तू, काटकुळी, चमचमणाऱ्या झग्यात. वाटलं, ही आता पडणार. मला भीती वाटली की मी मोठ्याने बोलायची. शाळेत पोरगं दोरावरून घसरलं की आधी माझ्या तोंडून शिवी जायची, मग मी धावायची. हे कारण झालं, सबब नाही. बोलले ते बोलले. श्यामने वळून माझ्याकडे बघितलं आणि मी उठून बाहेर गेले. पायऱ्यांवर बसले. आतलं संगीत ऐकू येत होतं. संपल्यावर टाळ्या झाल्या, कमी झाल्या.

तू काय केलंस ते मी पाहिलेलंच नाही, रेवती. अकरा वर्षांतलं एकदाही नाही. लोक विचारायचे, तुमची भाची काय खेळते? मी सांगायची, रिदमिक. पुढे काही सांगता यायचं नाही. म्हणून एप्रिलमध्ये विचारलं. ऋतिकाचा कागद होता, ते खरंच. पण कागद नसता तरी विचारायचं होतं.

आता तू ठरव.

आत्या


मुलुंड
१४ ऑक्टोबर २०२५

आत्या,

उत्तराला सतरा दिवस लागले. त्यातले पहिले दहा मी रागावले होते. हे नोंदवून ठेवते, कारण रागावले तर मी तसं लिहीन असं मागे तूच म्हटलं होतंस.

तू विचारलं आहेस, मुलगी नसती तर पत्रं थांबवली असती का. हो, थांबवली असती. जूनमध्ये नक्कीच.

तू पायऱ्यांवर होतीस तेव्हा आत काय झालं ते सांगते. संगीत सुरू झालं. पंधरा-सोळा सेकंद नीट गेली. मग रिबिनीला गाठ पडली. गाठ पडली की थांबून सोडवायची असते. त्यात थोडे गुण जातात, पण पुढचं वाचतं. मी सोडवली नाही. थांबले तर तू पुन्हा काही बोलशील असं वाटलं. तू बाहेर गेली आहेस हे मला माहीत नव्हतं. गाठीसकट शेवटपर्यंत केलं. एवढीशी झालेली रिबीन काठीच्या टोकाला नुसती फडफडत होती. टाळ्या कमी झाल्या ते बरोबर ऐकलंस. एकोणीस मुलींत मी अठरावी आले.

आता माझी चूक. २४ जूनला मी लिहिलं की सगळं आठवणीतून लिहिते आहे. ते खरं नव्हतं. मला काहीच नीट आठवत नव्हतं. मे महिन्यात मी चेंडू विकत घेतला. जेवणाचं टेबल भिंतीला लावून, करून बघून, मगच तुला लिहीत होते. हॉलमधल्या पंख्याला चेंडू दोनदा लागला. खालच्या श्रीमती केळुसकर वर येऊन विचारून गेल्या, काही पडतं आहे का. मी सांगितलं, टेबल हलवते आहे. चार महिन्यांत कोणीतरी दार वाजवण्याची ती एकच वेळ होती. माझाही डावा हात कमी पडतो.

रविवारी, १२ तारखेला, मी जोगेश्वरीला आले होते. घाटकोपरहून मेट्रो, गुंदवलीला बदलून. स्टेशनात सात वाजून दहा मिनिटांनी पोचले. फलाटाच्या उत्तर टोकावरून तुमची गच्ची दिसते. कठड्यामुळे तू दिसत नव्हतीस, फक्त चेंडू दिसत होता. कठड्याच्या वर यायचा, क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा, आणि खाली जायचा. झेललास की नाही ते कळायला मार्ग नव्हता. एकवीस मिनिटांत चौदा वेळा वर आला. म्हणजे झेलला असशील किंवा उचलून आणला असशील. सहाव्या आणि सातव्या फेकीच्या मध्ये चार मिनिटं गेली. तू बसली असशील असं मी धरलं. पडली असशील असंही मनात आलं. मी फलाटावर उभी होते आणि तुला हाक मारून उपयोग नव्हता, कारण तू उत्तर देऊ शकली नसतीस. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. मग चेंडू वर आला.

जिना उतरून तुमच्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत आले. वॉचमनने कोणाकडे जायचं विचारलं. मी म्हटलं, पत्ता चुकला. आणि परत गेले. वर आले असते तर तू थांबली असतीस, आणि मला ते थांबलेलं नको होतं. हे कारण मी गाडीत बसल्यावर तयार केलं. गेटपाशी काही कारण नव्हतं.

तुझी फेक सरळ नाही. दर वेळी चेंडू कठड्याच्या डाव्या बाजूला सरकून उतरत होता. खांदा आधी उचलतेस, हात नंतर. उलट कर.

एप्रिलमध्ये मी तुला अर्थ लिहून पाठवला, तो अपुरा होता. त्यात मी एकटीचाच प्रकार दिला. रिदमिकमध्ये गटाचाही प्रकार असतो. मी तो कधी खेळले नाही. गटात निवड झाली तेव्हाच मी खेळ सोडला, कारण गटात आपली फेक आपण झेलायची नसते. एकीने फेकायचं, दुसरीने झेलायचं, आणि त्याच वेळी तिचं साधन हिच्याकडे येत असतं. दोघींनी एकाच मोजणीवर असावं लागतं, आणि मोठ्याने मोजायची परवानगी नसते. त्यामुळे तुझी त्यात अडचण होणार नाही. आमच्या वेळी दोघींत निदान सहा मीटर अंतर लागायचं. पाच जणींचा गट असतो, पण सराव दोघींनी सुरू होतो.

येत्या रविवारी मी सुट्टी घेतली आहे. सव्वासातला येईन. वॉचमनला माझं नाव लिहून दे.

गच्ची किती लांब आहे ते मोजून कळवू नकोस. मी येऊन मोजते.

रेवती